डाव्या पायाचे चाळीस बूट

मशीद बंदर, मुंबई
१२ ऑगस्ट १९८६

दादा,

पाया पडतो. वहिनीलाही नमस्कार सांग. हे पत्र पोचेल तोवर जिंतूरच्या ट्रान्सपोर्टवर माझ्या नावाचं एक पोतं येऊन पडलेलं असेल. भाडं इथंच भरलंय. कुणाची तरी गाडी बघ आणि ते वाडीला घरी आण.

पोत्यात बूट आहेत, चाळीस. चाळीस जोड नव्हे हं, चाळीस बूट, आणि सगळेच्या सगळे डाव्या पायाचे! हसू नको, खरं सांगतोय. बाहेरदेशातून माल आला, कुणी सोडवायला आलं नाही, म्हणून गोदीत त्याचा लिलाव निघाला. पेट्या फोडल्या तर आत एकही उजवा नाही. सगळे व्यापारी कपाळाला हात लावून निघून गेले आणि आमच्या शेठनं मात्र दोन हजार डावे बूट रद्दीच्या भावात उचलले. अख्खं गोदाम त्याला हसतंय.

आता ते ठेवायला जागा नाही म्हणून मुकादमानं आम्हा हमालांना एकेक पोतं दिलं. गावाकडं ठेवा म्हणाला, शेठ मागतील तेव्हा आणा. वहीत सही घेतली. मागतील म्हणे! डावे बूट मागायला काय शेठला सगळी गिऱ्हाइकं लंगडी मिळणार आहेत? तू आपलं माळ्यावर टाकून दे.

मी बरा आहे. भात खाऊन कंटाळा आलाय, ज्वारीच्या भाकरीची आठवण येते.

तुझा,
मुंजाजी


वाडी, पो. चारठाणा, ता. जिंतूर
५ सप्टेंबर १९८६

मुंजाजी,

थोरल्या भावाचा आशीर्वाद घे आन् नीट बसून वाच, कारण मी तुझं ऐकलं न्हाई.

चांभाराच्या घरात बुटाचं पोतं बंद ठेव म्हणतोस? मांजराला दुधाची राखण! आणलं त्याच दिवशी उसवलं. पांढरं शुभ्र कातडं, बाजूला पळत्या हरणाची खूण, आन् आत बोट घातलं तर पिंजलेल्या कापसावाणी मऊ. मी चाळीस वर्षं आरी चालवायलोय, पण पायाचे इतके लाड कुणी केलेले पाहिले न्हाईत. लय येळ हातात घिऊन बसलो व्हतो. तुझी वहिनी म्हणली, आता त्याला जेवायला तरी वाढू का?

आपल्या आबांचा दस्तूर तुला ठाऊक हाय. एकटा बूट कापायचा न्हाई. एकट्याला रापी लावली की घरातलं जोडपं फुटतं म्हणायचे. म्हणून एका पायाचं गिऱ्हाईक आलं की आपण दोन्ही बूट करून देतो आन् दोन्हीचे पैसे घेतो. तो दुसरा बूट घरी नेऊन ती माणसं काय करीत असतील, हे मी कव्हा इचारलं न्हाई. तुझं पोतं पाहिलं आन् पयल्यांदा मनात आलं. इथं तर कापून-शिवून तयार हायेत, आपला दस्तूर बी मोडत न्हाई. आन् माळ्यावर ठेवले असते तर पत्र्याच्या उन्हात चार म्हैन्यात तडकले असते.

मंग वाटले. डाव्या पायावर चालणारी माणसं मला धंद्यामुळं ठाऊक हायेत. झरीला दोघं, पिंगळीच्या टेसनावर एक, जिंतूरच्या बाजारात भेटणारी चार-पाच. अशा अकरा जणांना अकरा दिले. एकोणतीस तसेच पडून हायेत.

अकरावा बायनाबाईला दिला. बौद्ध वस्तीतली, भावापाशी राहती ती. तू मुंबईला गेल्यावर ती इथं आली, म्हणून सांगतो. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंग्यात तिच्या सासरच्या गावी वस्ती पेटवली, तव्हा म्हाताऱ्या सासूला काढायला ही जळत्या घरात शिरली. उजवा पाय घोट्यापसून कापला. डाव्याची बोटं एकमेकाला चिकटली आन् कातडं निसतं कांद्याचा पापुद्रा. परभणीच्या डाक्टरनं बजावलंय, बाई, या पायाला जमीन लागू देऊ नको, चिरला तर हा बी जाईल. चप्पल त्यात अडकत न्हाई, आपला चामड्याचा जोडा चावतो. आठ वर्षं ती चिंध्या गुंडाळून चालायली.

बूट घातला आन् ती वाकून पायाकडं पाहायली. मला वाटलं चावला. मंग म्हणली, "सटवाजी, आज पयल्यांदा दुखलं न्हाई." मी आपलं नाडी बांधीत बसलो.

आन् एक गंमत ऐक. पारावरून जाताना आपण आन् वस्तीतली माणसं चपला काढून हातात घेतो, तुला माहीतच हाय. तिच्या एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातात जळणाची मोळी. बूट काढून धरावा कशात? गेली तशीच, बूट घालून! पारावर बसलेल्या किशनरावांनी इचारलं, "बाई, पायात काय हाय?" ती म्हणली, "पायात बूट हाय, मालक. हाताला जागा न्हाई." आता रोज तशीच जाती.

तुला राग आला आसंल तर कळव.

सटवाजी


मुंबई
२ ऑक्टोबर १९८६

दादा,

राग कसला? तुझं पत्र दोनदा वाचलं. शेठ त्या बुटांचं नाव काढत नाही, मुकादमही विसरलाय. बायनाबाईला माझा जय भीम सांग. पुण्य म्हणशील तर अर्धं माझं, सही माझी आहे!

मुंजाजी


मुंबई
१८ डिसेंबर १९८६

दादा,

घात झाला. हे पत्र गोदामातूनच लिहितोय, बाहेर टाकायला एका हमालाच्या हाती देतोय.

उजवे आले. शेठ मूर्ख नव्हता दादा, मूर्ख आम्ही. मालच मुळी त्यानं असा मागवला होता. डावे मुंबईच्या बंदरात, उजवे मद्रासच्या. दोन्हीकडं मुद्दाम सोडवायला गेला नाही. एका पायाचे बूट कोण घेतो? तिकडंही लिलाव झाला आणि तिकडं याच्या भागीदारानं मातीमोलानं उचलले. जकात बुडवली, आणि वर कागद एकदम सरळ, सरकारच्याच लिलावातला माल! दोन्ही एका जागी सापडू नयेत म्हणून आमच्या गावांत पोती पाठवली होती. आता जोड लावून लॉरीनं नांदेड, लातूर, परभणीला जाणार. परभणीच्या उरुसात तर दुकानंही ठरलीत. जहाजावरच्या खलाशानं आणलेला माल म्हणून विकायचा.

बाकीच्यांची पोती आली. मी सांगितलं अकरा कमी आहेत. वाटले म्हणालो असतो तर त्यांनी मला चोरच ठरवला असता, म्हणून म्हणालो उंदरांनी कुरतडले. मुकादमानं कानाखाली दिली. वही दाखवली. म्हणाला, अकरा बूट भरून दे, नाहीतर चोरीचा माल तुझ्या नावावर दाखवून पोलिसांत देतो, तुझीच सही आहे. तोवर गोदामातून पाय बाहेर टाकायचा नाही. दाराशी दोन माणसं बसवलीत. चार दिवस झाले.

मी भीतीनं बोलून गेलो की माझा भाऊ कारागीर आहे, अगदी तसे करून देईल. तो हसला, पण वीस जानेवारीची मुदत दिली. तळ आणि आतला मऊ फोम इथले धारावीचे कारखानदार देतील. वरचं कातडं, शिलाई आणि हरिण तुला करावं लागेल.

दादा, तुझ्याशिवाय मला कुणी नाही. दस्तूर मोडतोय हे कळतंय. माफ कर.

मुंजाजी


वाडी
२६ डिसेंबर १९८६

मुंजाजी,

रडत बसू नको. करतो. तुझ्यापेक्षा दस्तूर मोठा न्हाई. आबा असते तर त्यांनी आधी तुझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या आन् मंग रापी हातात घेतली असती. लेका, ज्या कागदावर सही करायची तो आधी वाचावा तरी!

आता एक सांगतो ते ध्यान दिऊन वाच. बूट आतून कसा बसवलाय ते उसवल्याबगर कळत न्हाई. ते एकोणतीस मोजून द्यायचेत, त्यांना हात लावता येईना. वाटलेले घालून मळलेत, मोजून द्यायच्या कामाचे न्हाईत; उसवायला त्यातला एक आणावा तर झरी, पिंगळी, जिंतूर फिरण्यात हप्ता जाईल. गावात एकच व्हता.

बायनाबाईच्या दारात गेलो. टोपी काढून उंबऱ्यापाशी उभा ऱ्हायलो. ती म्हणली, "सटवाजी, कोण वारलं?" मंग सगळं सांगितलं, तुला कोंडलंय ते बी. ती खाली बसली, नाडी सोडली, बूट पदरानं पुसला आन् मह्या हातात दिला. म्हणली, "माणूस मोठा का बूट? उसव." मी म्हणलं, आठ-पंधरा दिवसांत तुला नवा करून देतो, याच्यापेक्षा चांगला. ती म्हणली, "आधी पोराला सोडव."

मंग रापी लावली, मुंजाजी. इतकी वर्षं जोडे फाडले-जोडले, पण कुणाच्या पायातून काढून फाडला न्हाई.

उसवताना त्याचा तळ फाटला आन् फोमचा भुगा झाला, तो बूट पुन्ना जुळायचा न्हाई. म्हणून तळ अकरा न्हाई, बारा पाठव. फोम बी बाराचा. इथं परभणीपस्तोर धुंडलं तरी तसलं मऊ मिळत न्हाई. बारावा तिचा. हे इसरू नको. ती सध्या चिंध्यांवर हाय.

सटवाजी


मुंबई
४ जानेवारी १९८७

दादा,

लॉरीवाला सूर्यभान ओळखीचा आहे. त्याच्यासोबत तळ, फोम, पांढरं कातडं आणि हरणाचा ठसा पाठवलाय. हरिण उठवताना मागचा पाय नीट बघ, तो किंचित वर आहे, गिऱ्हाईक तेच बघतं म्हणे. शिलाईचा धागा आतून दिसता कामा नये. एकोणतीस आणि अकरा असे सगळे त्याच सूर्यभानसोबत परत दे.

मला इथं जेवायला मिळतं. झोप लागत नाही. मुकादम रोज तारीख सांगून जातो. लवकर कर दादा, हात जोडतो.

मुंजाजी


वाडी
१९ जानेवारी १९८७

मुंजाजी,

सूर्यभान आज सकाळी माल घिऊन गेला. पुरते चाळीस हायेत. मह्या अकरातला एक तरी ओळखून दाखव म्हणावं तुझ्या मुकादमाला.

तुझी वहिनी दोन दिवस मह्याशी बोलली न्हाई. एकट्या बुटाला रापी लावली म्हणून उंबऱ्यावर मीठ-मोहऱ्या उतरल्या तिनं. मला त्याचं काही वाटलं न्हाई. कुणाच्या तरी हरणाची खूण मह्या कामावर उठवली, त्याचं वाटलं. आपल्या घरात बाप-आजानं कव्हा खूण ठेवली न्हाई. लोक शिलाई पाहूनच म्हणायचे, हे आबाचं काम.

पण राग त्याचा न्हाई. तळ बारा मागितले व्हते. अकरा आले. मी दोनदा मोजले, सूर्यभानची लॉरी झाडली, त्याच्याशी भांडलो. मंग तुझं पत्र पुन्ना वाचलं. हरणाच्या मागच्या पायावर लिहिलंस, बायनाबाईच्या पायावर एक अक्षर न्हाई. कामून?

अकरातला एक तिला द्यावा असं रोज मनात यायचं. रोज तुझा तो मुकादम डोळ्यापुढं उभा राहायचा. न्हाई दिला.

घरातल्या कातड्यात मेंढीची लोकर भरून तिला एक करून दिला. चावला. रगत आलं. तिनं हसून परत केला, म्हणली तुझा हात चांगला हाय पण कातडं गावचंच हाय. मागल्या हप्त्यात जिंतूरच्या तहशिलीवर नामांतराचा मोर्चा व्हता. मी म्हणलं जाऊ नको. ती म्हणली, "ज्याच्यापायी एक पाय गेला, तिथं दुसरा नेऊ नको म्हणतोस?" चिंध्या बांधून गेली. डांबराच्या सडकेवर चालली. टाचेला चीर पडलीय, बोटभर. हळद भरलीय. बरं व्हईल म्हणती.

तळ पाठव. आता तर तू सुटशील.

सटवाजी


धारावी, मुंबई
१६ फेब्रुवारी १९८७

दादा,

पत्ता बदललेला बघितलास? सांगतो, आनंदाचीच बातमी आहे.

माल पोचला त्याच दिवशी मुकादमानं मला सोडलं. वहीतली सही माझ्यासमोर फाडली. तुझे अकरा त्यालाच काय, शेठलाही निवडता आले नाहीत. उरुसात मी स्वतः दुकानावर होतो. वाडीला यायची इच्छा होती पण दुकानावरून सुट्टी दिली नाही. दादा, गर्दी काय सांगू! डॉक्टर, वकील, जमीनदारांची पोरं, सगळी हरिण बघून बूट उचलत होती. खलाशाची गोष्ट सांगितली की भावही करत नव्हती.

आणि मग मजा झाली. दहाव्या दिवशी एक गिऱ्हाईक ओरडत आलं. उजव्या बुटाचा तळ उघडला होता! मद्रासच्या दमट हवेत दोन वर्षं पडून त्यांचा गोंद सुटलाय. तो डावा दाखवून म्हणतो, "हा असली आहे, उजवा नकली घातलात!" डावा तुझा होता दादा. शिलाईवरून मी ओळखला. वाडीचा बूट असली आणि परदेशचा नकली!

शेठच्या कानावर गेलं. तो म्हणतो, बाहेरून मागवायचंच कशाला, याच माणसाकडून दोन्ही पाय करून घेऊ. धारावीत खोली घेतलीय, हाताखाली चार माणसं देतो म्हणतो. तू आलास की झालं. आणि मला त्या कामावर मुकादम नेमलंय. मुकादम, दादा! कालपर्यंत ज्याची थप्पड खाल्ली, त्याच्या बरोबरीनं बसतो.

बारावा तळ फोमसह सूर्यभानसोबत पाठवलाय, या वेळी विसरलो नाही. तेव्हाही विसरलो नव्हतो, खोटं कशाला बोलू. मुकादम तळ मोजून देत होता. उंदरांनी अकरा खाल्ले आणि तळ बारा कशाला, असं त्यानं विचारलं असतं. मी भ्यालो. मागितलाच नाही. तुला लिहायची लाज वाटली. पण आता झालं ना सगळं ठीक? बायनाबाईला बूट करून दे आणि वहिनीला घेऊन निघ.

मुंजाजी


वाडी
८ मार्च १९८७

मुंजाजी भावजी,

मी चतुराबाई लिहायलेय. प्रौढांच्या शाळेत दोन वर्सं शिकले, त्याचं पयलं पत्र तुमाला जायलंय. अक्षर वाकडं हाय, समजून घ्या. तुमचे दादा लिहीत न्हाईत. तुमचं पत्र त्यांनी वाचलं आन् घडी घालून मह्या हातात दिलं.

बायनाबाईची चीर बरी झाली न्हाई. हळद भरली, झाडपाला बांधला. ती कुणाला दाखवीना, म्हणायची कामाचा दिस बुडतो. पाय काळा पडला तव्हा तुमचे दादा तिला पाठीवर घिऊन एश्टीत बसले आन् परभणीला गेले. डाक्टर त्यांच्यावरच ओरडला. सांगितलं व्हतं ना, जमीन लागू देऊ नका? हे म्हणले, व्हय साहेब, मीच लागू दिली. वीस फेब्रुवारीला गुडघ्याच्या खालून कापला. कागदावर अंगठा तिचा आन् सही यांची. तिच्या भावाला जमलं न्हाई, तो दाराबाहेर रडत बसला व्हता.

तुमचा तळ चार दिवसांनी आला. सूर्यभाननं दारात ठेवला. ह्यांनी तो उचलला बी न्हाई, सरकवला बी न्हाई. मीच आत घेतला.

तुमच्या शेठचं इचारलं व्हतं तुमी. हे म्हणले, त्याला कळव, मह्या हातानं आता कुणाची खूण उठणार न्हाई. बास, येवढंच. तुमाला काय कळवू म्हणलं तर उठून भायेर गेले. रोज सकाळी तिच्या घरी पाणी भरायला जातेत. वस्तीतले आधी नको म्हणायचे, आता म्हणत न्हाईत. पारावरचे लोक हसतेत, चांभार पाणी भरायला निघाला म्हणतेत. हे मान वर करून बघत न्हाईत.

मी तुमाला लहानपणी मांडीवर घेतलंय. तुमी सुटलात म्हणून मी देवापुढं दिवा लावला व्हता, खोटं न्हाई सांगत. तुमी भ्यालात, त्याचा मला राग न्हाई. कुणी बी भ्यालं असतं. पण भावजी, येवढं मोठं पत्र लिहिलंत आन् तिच्या टाचेचं काय झालं, हे एका ओळीत बी इचारलं न्हाई. यांनी तुमाला कळवलं व्हतं की.

काल मी तिच्याकडं भाकरी घिऊन गेले. ताप उतरलाय. उशाला टेकून बसली व्हती. मला म्हणली, "चतुरा, पोराचं काय झालं? सोडलं का त्याला?"

मी म्हणलं, सोडलं.

"मंग झालं," म्हणली, आन् भाकरी मोडून घेतली.

तुमाला मुकादम केलंय, हे मी तिला सांगितलं न्हाई. ते तुमी या आन् तुमच्या तोंडानं सांगा.

चतुराबाई